संगणक-गुरुजी आणि मंडई विद्यापीठ

पुण्याच्या मंडईला 'मंडई विद्यापीठ' म्हणण्याची जुनी पद्धत आहे. १८८६ साली 'रे मार्केट' या नावाने उभी राहिलेली आणि पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळालेली ही अष्टकोनी दगडी इमारत भाजीसाठी जितकी प्रसिद्ध, तितकीच तिच्या आसपास रंगणाऱ्या चर्चांसाठीही. अमेरिकेत तयार झालेल्या एका संगणकीय शिक्षकाची परीक्षा मी या विद्यापीठात घेतली. परीक्षा रीतसर नव्हती. एक लिंबूवाली, तिच्या शेजारी बसणाऱ्या दोघी जणी आणि मी, एवढाच परिवार. तेव्हा हा लेख संशोधन म्हणून न वाचता परीक्षण म्हणून वाचावा.

या शिक्षकाचे नाव 'बीआरसीए जिस्ट'. ओहायो राज्यातील मायामी विद्यापीठातले क्रिस्टोफर वुल्फ आणि कॉर्नेल विद्यापीठातल्या व्हॅलेरी रेना या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर तो तयार केला आणि त्याच्या चाचणीवरचा त्यांचा निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. (हे मायामी फ्लोरिडातले नव्हे. मीही आधी फसले होते.) स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका म्हणजे काय आणि त्यासाठी जनुकीय तपासणी करावी की करू नये, हे सामान्य स्त्रीला समजावे हा त्याचा हेतू. पडद्यावर एक बोलके चित्र येते. ते माहिती सांगते, आकृत्या दाखवते आणि मधेच थांबून विचारते, 'तपासणीत दोष सापडला तर त्या स्त्रीने काय करावे?' उत्तर चार पर्यायांतून निवडायचे नसते, स्वतःच्या वाक्यांत लिहायचे असते. ते वाचून संगणक पुढचे बोलतो. कुठे शाबासकी देतो, तर कुठे राहिलेला मुद्दा सुचवतो.

संगणकाने शिकवण्याची कल्पना तशी जुनीच आहे. इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' नावाची यंत्रणा १९६० सालापासून होती. मेम्फिस विद्यापीठात आर्थर ग्रेसर यांच्या गटाने १९९०च्या दशकात 'ऑटोट्यूटर' तयार केला. तो विद्यार्थ्याशी संवाद करीत भौतिकशास्त्र शिकवी. 'बीआरसीए जिस्ट' त्याच घराण्यातला. फरक असा की भौतिकशास्त्रातले उत्तर चुकले तर गुण जातात. इथे उत्तर चुकले तर एखादी बाई नको ती शस्त्रक्रिया करून घेईल, किंवा हवी ती तपासणी टाळील.

पुढे जाण्याआधी मूळ विषयाची थोडी उजळणी करू. १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी असे दाखवून दिले की काही कुटुंबांत लहान वयात होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचा धागा १७व्या गुणसूत्रावरील एका जागेशी जुळतो. १९९४ साली तेथले जनुक हाती लागले. तेच बीआरसीए-१. पाठोपाठ १३व्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-२ सापडले. वर्तमानपत्रांत यांना 'कर्करोगाची जनुके' म्हणतात, ते चूक आहे. ही दुरुस्तीची जनुके आहेत. डीएनएचे दोन्ही धागे एका ठिकाणी तुटले, तर ते नीट सांधण्याच्या कामात यांची प्रथिने लागतात. प्रत्येकाजवळ अशा जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्यांतली एक जन्मतःच सदोष असली तरी दुसरी काम निभावून नेते. पुढे एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, की त्या पेशीतली दुरुस्ती थांबते आणि चुका साठू लागतात. म्हणूनच सदोष प्रत घेऊन जन्मलेल्या प्रत्येकीला कर्करोग होत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार बीआरसीए-१ सदोष असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ७२ जणींना वयाच्या ८०व्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो; बीआरसीए-२ च्या बाबतीत ६९ जणींना. अंडाशयाच्या कर्करोगाचे आकडे अनुक्रमे ४४ आणि १७. सदोष प्रत अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी, मग ते अपत्य मुलगा असो की मुलगी.

वर्गात हे सांगायला एक तास पुरतो. मंडईत मला पाऊणएक वर्ष लागले.

ज्यांच्याकडून मी लिंबे-मिरच्या घेते त्या मावशींनी एक दिवस पैसे परत देता देता विचारले, "ताई, तुम्ही ते सायन्सचं काम करता ना? मग हे जीनची टेस्ट म्हंजी काय ओ?" (त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून हे लिहीत आहे.) त्यांच्या धाकट्या बहिणीला एकेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचार चालू होते. एका रुग्णालयात तिला जनुकीय तपासणी करायला सुचवले होते. त्या बहिणीची मुलगी, म्हणजे मावशींची भाची, चोवीस वर्षांची. तिचे लग्न बघत होते. तिने मोबाइलवर कुठेतरी '७२ टक्के' हा आकडा वाचला आणि तेव्हापासून तिचे जेवणावर लक्ष नव्हते. घरात असे ठरत होते की आधी भाचीचीच तपासणी गुपचूप उरकून घ्यावी, म्हणजे स्थळ आले तर काय सांगायचे ते कळेल.

त्याच सुमारास मी 'बीआरसीए जिस्ट'वरचे निबंध वाचत होते. वाटले, यातले प्रश्न मराठीत करून पाहावेत. दुपारी दोननंतर गिऱ्हाईक कमी असते. त्या वेळी मी मावशींना आणि शेजारच्या दोघींना एकेक भाग समजावून सांगे आणि मग संगणकाचे प्रश्न तोंडी विचारी. थोडक्यात, संगणकाचे सोंग मी घेतले होते.

आता या कार्यक्रमामागचा विचार पाहू, कारण त्याचे खरे बळ त्यात आहे. रेना आणि चार्ल्स ब्रेनर्ड यांच्या सिद्धांतानुसार कोणतीही माहिती ऐकली की मनात तिच्या दोन नोंदी होतात. एक शब्दशः, म्हणजे '७२ टक्के, ८० वर्षांपर्यंत' अशी. दुसरी मथितार्थाची: 'धोका पुष्कळ आहे, पण खात्री नाही.' पहिली नोंद लवकर पुसली जाते, दुसरी टिकते आणि माणूस निर्णय घेतो तो बहुधा दुसरीवरून. म्हणून रुग्णाला आकडे पाठ करायला लावण्याऐवजी मथितार्थ पक्का करावा, असे त्यांचे म्हणणे. शिक्षकांना हे सहज पटेल. ओमचा नियम घडाघडा म्हणणारी आणि दोन दिवे एकसरीत जोडले तर मंद का होतात हे न सांगता येणारी मुले आपण रोज पाहतो. आकड्यांच्या ढिगाऱ्यात रुग्णाला बुडवून 'माहिती दिली' अशी सही घेण्याच्या प्रथेपेक्षा ही दृष्टी कितीतरी चांगली आहे.

उत्तर स्वतःच्या शब्दांत मागायचे, ही दुसरी चांगली गोष्ट. मावशींना मी दोन दुपारी समजावून सांगितले तेव्हा त्या सारख्या मान डोलवत होत्या. तिसऱ्या दुपारी संगणकाचा प्रश्न विचारला, 'दोष सापडला तर त्याचा अर्थ काय?' उत्तर आले, "म्हंजी पॉझिटिव्ह. मग पंधरा दिवसांनी परत टेस्ट करायची, निगेटिव्ह आली की सुटलो."

२०२० सालच्या साथीने मंडईतल्या प्रत्येकाला 'पॉझिटिव्ह' हा शब्द शिकवला आहे आणि त्याचा अर्थही पक्का करून ठेवला आहे: रोग अंगात आहे, पण काही दिवसांनी जाईल. या तपासणीत दोन्ही अर्ध्या खोट्या. दोष सापडला म्हणजे रोग झाला असे नाही आणि दोष सापडला की तो जन्मभर जाणार नाही. मी उत्तर मागितले नसते, तर त्या डोलणाऱ्या मानेवर विश्वास ठेवून घरी गेले असते. डॉक्टरांच्या पंधरा मिनिटांत हेच होत असणार.

इथपर्यंत संगणक-गुरुजींना पूर्ण गुण. पण ते उत्तर तपासतात कसे, ते पाहिल्यावर माझा उत्साह ओसरू लागला.

या कार्यक्रमात उत्तराचा अर्थ लावण्यासाठी जी रीत वापरली आहे, तिचे तत्त्व असे. शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरून ठरवायचा. हजारो लेखांत 'डॉक्टर' आणि 'रुग्णालय' हे शब्द एकमेकांच्या आसपास येतात, म्हणून ते अर्थाने जवळचे. तज्ज्ञांनी आधी लिहून ठेवलेल्या अपेक्षित उत्तरातले शब्द आणि बाईच्या उत्तरातले शब्द एकमेकांना किती जवळचे आहेत, हे गणिताने मोजायचे. युक्ती हुशार आहे आणि इंग्रजीत ती बऱ्यापैकी चालते. मात्र तिला वाक्यातला क्रम कळत नाही आणि नकार तर नीट कळतच नाही. ही दोन वाक्ये पाहा. 'आईला झाला म्हणून मुलीला होईलच असे नाही.' 'आईला नाही झाला म्हणून मुलीला होईल असे नाही.' शब्द जवळजवळ तेच. पहिले वाक्य बरोबर आहे. दुसऱ्यात घातक गैरसमज आहे, कारण सदोष प्रत वडिलांकडूनही येते. शब्दांची पिशवी तोलणारा तराजू दोघींनाही जवळपास सारखेच वजन देईल.

त्यात मराठीची स्वतःची अडचण. आपण शब्दाला विभक्ती चिकटवतो. जनुक, जनुकाला, जनुकांमुळे, जनुकातला, हे यंत्राच्या लेखी वेगवेगळे शब्द. ते आधी सोडवून घ्यावे लागतात. शिवाय मावशी 'स्तन' म्हणतच नाहीत. 'छातीत गाठ' म्हणतात, कधी नुसते 'तिथं' म्हणतात. गर्भाशयापासून अंडाशयापर्यंत सगळ्याला 'पिशवी' म्हणतात. आणि 'रिस्क' या शब्दाला आपण पाठ्यपुस्तकी 'धोका' शब्द वापरतो, तोही निर्दोष नाही. 'धोका आहे' हे वाक्य मंडईत 'घात होणार' अशा सुरात ऐकले जाते. 'जोखीम' हा व्यापाऱ्यांचा शब्द मावशींना अधिक जवळचा निघाला. पावसाळ्याआधी माल भरून ठेवण्यात जोखीम असते, पण दर वेळी नुकसान होतेच असे नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. हा शब्द मला तिथेच सापडला. परिभाषा कोशांत तो इतक्या सहज हाताला लागला नव्हता.

याहून गंभीर उणीव वेगळीच आहे. 'बीआरसीए जिस्ट'ची चाचणी ४१० तरुणींवर झाली. काहींना हा कार्यक्रम दिला, काहींना अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने प्रसिद्ध केलेली तशीच माहिती वाचायला दिली आणि काहींना दुसऱ्याच विषयाचा पाठ दिला. कार्यक्रम घेतलेल्या तरुणींचे ज्ञान आणि आकलन सर्वांत चांगले ठरले. निष्कर्षाबद्दल माझी तक्रार नाही. पण या ४१० जणी महाविद्यालयात शिकणाऱ्या, निरोगी मुली होत्या. त्यांच्यापैकी कोणाला उद्या सकाळी केमोथेरपीला जायचे नव्हते आणि कोणाचे स्थळ अडले नव्हते. काल्पनिक स्त्रियांची माहिती वाचून त्यांचा धोका कमी, मध्यम की जास्त ते सांगायचे, असा त्यांच्या परीक्षेचा एक भाग होता. घाबरलेल्या माणसाला शिकवणे आणि परीक्षेला बसलेल्या माणसाला शिकवणे ही दोन निराळी कामे आहेत, हे दहावीच्या वर्गावरच्या कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे.

याबाबतीत त्याआधीचा एक अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. मायकेल ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली तो प्रसिद्ध केला. २११ स्त्रियांपैकी काहींना फक्त समुपदेशक भेटला आणि काहींना आधी संगणकाचा कार्यक्रम व मग समुपदेशक. ज्यांचा धोका मुळातच कमी होता, त्यांच्यात माहितीची भर संगणकाने जास्त घातली. पण मनातली भीती कमी करण्यात आणि स्वतःच्या धोक्याचा अंदाज ताळ्यावर आणण्यात माणूस सरस ठरला. संगणकावर टीका करणारे पहिला भाग सांगत नाहीत आणि संगणक विकणारे दुसरा. मला दोन्ही महत्त्वाचे वाटतात. समुपदेशकाचा निम्मा वेळ 'जनुक म्हणजे काय' हे सांगण्यात जातो. ते काम यंत्राने केले, तर उरलेला वेळ भाचीच्या जेवणाकडे देता येईल.

आता आकड्यांविषयी, कारण इथे मी स्वतःच तोंडघशी पडले.

भाचीच्या मनात '७२ टक्के' कसा बसला होता? 'कर्करोग झालेल्या शंभरांतल्या ७२ जणींना हा जनुकदोष असतो; आईला कर्करोग आहे; म्हणजे मलाही आहे.' आकडा बरोबर, वाक्य उलटे. हे उलटे वाक्य सुलटे करायला मी लिंबे घेतली. गोणीत हजार लिंबे धरू. अशा दहा गोण्या, म्हणजे दहा हजार स्त्रिया. भारतात साधारण तीसांत एका स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होतो असे ढोबळ मानाने धरले, तर दहा हजारांत ३३० झाल्या. सदोष बीआरसीए जनुक चारशेत एकीला असते असे धरू. म्हणजे दहा हजारांत २५. त्या पंचविसांपैकी, शेकडा ७२ प्रमाणे, १८ जणींना कर्करोग होणार. आता ३३० बाजूला काढा आणि त्यांत या १८ शोधा. शेकडा पाच-सहा. उरलेल्या तीनशेच्या वर स्त्रियांना हा दोष नव्हताच. 'दोष असेल तर कर्करोग' आणि 'कर्करोग असेल तर दोष' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे ७२ आणि सहा इतकी लांब आहेत. अर्थात आई एकेचाळिसाव्या वर्षीच आजारी पडली असेल तर सहाचा आकडा वर सरकतो. म्हणूनच तर तिला तपासणी सुचवली.

टक्क्यांऐवजी अशी मोजता येणारी माणसे वापरली की लोकांना शक्यता चांगली कळते, हे गेर्ड गिगेरेन्झर यांनी वारंवार दाखवले आहे. मंडईतही ते खरे ठरले. गोण्यांचा हिशेब मावशींनी माझ्याआधी केला. मी खूश होऊन शेवटचा प्रश्न विचारला, तर त्या म्हणाल्या, "पण ताई, एक नासकं लिंबू शेजारच्याला लावतंच की. मग माझ्या बहिणीपासनं पोरींना लांब ठेवायचं का?"

कर्करोग संसर्गजन्य नाही, हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. मला सांगावेसेच वाटले नाही. आणि उदाहरण मात्र नासणाऱ्या फळाचे घेतले! त्या बहिणीची ताटवाटी वेगळी काढली होती हे मला त्या दिवशी कळले. यावर अपेक्षित उत्तरांची कोणतीही यादी उपयोगी पडली नसती, कारण यादी करणाऱ्याला हा प्रश्न सुचलाच नसता. तज्ज्ञांनी ठरवलेला मथितार्थ रुग्णाच्या मनात उतरवायचा, हीच या कार्यक्रमाची दिशा आहे. पण रुग्णाच्या मनाची पाटी कोरी नसते. तिथे आधीच एक मथितार्थ लिहिलेला असतो: घराण्यात आहे, म्हणजे होणारच; किंवा लागट आहे; किंवा कोणाचे तरी केले भोगतोय. तो वाचल्याशिवाय नवा लिहिता येत नाही.

दुसरी एक चूक तर अगदी आपल्याकडची आहे. रुग्णालयात बहिणीला विचारले होते, "घरात कोणाला कॅन्सर होता का?" तिने "नाही" सांगितले, आणि ते खरे होते. लग्न झालेल्या बाईचे घर म्हणजे सासर. सासरी कोणाला नव्हता. मी माहेरचे विचारले, तेव्हा मावशी आईच्या बाजूचे नातेवाईक मोजू लागल्या. "आईकडं कोणालाच नाही ओ." वडिलांकडच्या आत्यांबद्दल विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. एक आत्या पन्नाशीच्या आत गेली होती, 'पोटात पाणी होऊन'. अंडाशयाच्या कर्करोगात पोटात पाणी होते. दुसरी कारणेही असू शकतात, आता कळायला मार्ग नाही. पण विचारायला हवे होते. आपले कुलवृत्तांत पाहा. वंशवेल पुरुषांची. मुलीचे नाव लागले तर ती कुठे दिली एवढ्यापुरते, आणि ती कशाने गेली हे तर नाहीच. आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्याला जी माहिती सर्वांत आधी हवी, तीच आपण पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेली नाही. अमेरिकन कार्यक्रम जसाच्या तसा मराठीत आणला, तर 'कुटुंबातील इतिहास' या दोन शब्दांत हे सगळे गडप होईल.

निर्णय कोणाचा, हाही प्रश्न आहे. तो कार्यक्रम पडद्यासमोर बसलेल्या एकट्या स्त्रीशी बोलतो. तपासणीच्या बाजूने आणि विरुद्ध काय काय सांगता येईल, असे तिला विचारतो. मंडईत हा प्रश्न विचारला तेव्हा बाजू-विरोधात आलेली नावे अशी: भाऊ, कारण पैसे तो देणार, नवरा, होणारे व्याही. भाचीचे नाव सर्वांत शेवटी आले.

आणि तरीही शास्त्र इथे एक साधी वाट दाखवते, जी त्या घरात कोणाला ठाऊक नव्हती. आधी निरोगी भाचीची तपासणी करण्यात फारसा अर्थ नाही. आधी आजारी व्यक्तीची करायची. तिच्यात रोगकारक म्हणून ओळखला गेलेला दोष सापडला, तर मग नेमका तोच दोष भाचीत आहे का ते पाहता येते. तो नसला तर तिचा धोका चारचौघींइतका; शून्य नव्हे, चारचौघींइतका. पण आईची तपासणी न करता मुलीची केली आणि काही सापडले नाही, तर त्यातून हाती काही ठोस लागत नाही. मावशींना हे एकदा सांगितले आणि लगेच पटले. "बी तपासायचं तर झाडाचं तपासा आधी," असे त्या म्हणाल्या. या वेळी उपमा त्यांची होती आणि माझ्यापेक्षा चांगली होती.

आता काही जण म्हणतील, २०१५ची यंत्रे जुनी झाली. खरे आहे. आजची मोठी भाषिक प्रारूपे वाक्यातला नकार ओळखतात, मराठीतही बोलतात, आणि 'छातीत गाठ' म्हटले तरी त्यांना कळते. २०२४ साली अमेरिकेत तीन हजारांहून अधिक लोकांवरच्या एका चाचणीत असे दिसले की तपासणीपूर्व माहिती संगणकी संवादातून दिली काय किंवा नेहमीच्या पद्धतीने दिली काय, तपासणीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण सारखेच राहते. जिथे समुपदेशक मोजकेच आहेत अशा आपल्या देशात ही बातमी आनंदाची आहे. एक गोष्ट तर मी स्वतः पाहिली: शेजारच्या दोघींपैकी एकीने तिच्या मनातला प्रश्न माझ्यासमोर कधीच विचारला नाही, मुलाच्या मोबाइलला मात्र विचारला. यंत्रासमोर लाज वाटत नाही. पण जुने यंत्र अडखळायचे तेव्हा ते अडखळले हे कळायचे. नवे यंत्र चुकते तेव्हाही तितक्याच गोड मराठीत बोलते. ते उत्तर बरोबर की चूक, हे त्या बाईला कोण सांगणार?

या संदर्भात आपल्याच राज्यातले एक काम आठवते. १९९८ साली टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन एक चाचणी सुरू केली. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करीत आणि रोगाची माहिती देत. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. पन्नाशीवरच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. सर्व वयोगट मिळून मात्र फरक तितका ठाम नव्हता. तो विषय जनुकांचा नव्हता हे मान्य. पण दारात आलेल्या ओळखीच्या बाईने सांगितलेले लोक ऐकतात, हे त्यातून दिसते. अशा सेविकेच्या हातात एक चांगला मराठी संगणक-शिक्षक दिला, तर दोघांची उणीव भरून निघेल. तसा कार्यक्रम तयार करणाऱ्यांनी मात्र प्रश्नांची यादी मंडईत बसून करावी, प्रयोगशाळेत नको.

शिक्षकांसाठी एक छोटी टिपणी करते. दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पाठ आहे आणि दहावीच्याच गणितात 'संभाव्यता'. एका पुस्तकात गुणसूत्रे, दुसऱ्यात फासे आणि पत्ते. दोन्हींत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलीलासुद्धा त्यांची गाठ घालून दिलेली नसते. भाचीला दहावीला गणितात ८१ गुण होते.

गेल्या महिन्यात बहिणीच्या तपासणीचा अहवाल आला. मावशींनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लिंबांच्या पाटीखाली ठेवला होता. दोष आहे असेही त्यात नव्हते आणि नाही असेही नव्हते. बीआरसीए-२ मध्ये एक बदल आढळला होता, त्याचे महत्त्व 'अनिश्चित' असे लिहिले होते. हे पुष्कळदा घडते. आजवर अभ्यासलेली बहुतेक जनुके युरोपीय वंशाच्या लोकांची आहेत, त्यामुळे आपल्याकडे आढळणारे काही बदल अपायकारक की निरुपद्रवी हे ठरवायला पुरेशी कुटुंबे अजून पाहिलेली नाहीत. मी सांगितले, "मावशी, पाटीवर दुकानाच्या नावातलं एक अक्षर वेगळं पडलंय. त्यामुळं गिऱ्हाईक चुकेल की नाही, ते अजून कोणालाच माहीत नाही. म्हणून या अक्षरावरून काही ठरवायचं नाही. भाचीची ही टेस्ट आता करायची नाही. पण आई लहान वयात आजारी पडली, आत्याचंही तसं झालं, एवढ्यावरून तिनं डॉक्टरांना दाखवत राहायचं. दोन-तीन वर्षांनी परत विचारायचं, काही नवं कळलं का."

मावशींनी तिथूनच भाचीला फोन लावला. एका हाताने मिरच्या तोलत, माझे सगळे बोलणे त्यांनी स्वतःच्या शब्दांत तिला सांगितले. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. एकच चूक झाली. 'दोन-तीन वर्षांनी परत विचारायचं' याचे त्यांनी 'दोन-तीन वर्षांनी परत टेस्ट करायची' असे केले. मी खूण केली, तशी त्यांनी फोन माझ्या हातात दिला.